शाळेच्या आधीची शाळा

दरवर्षी २६ जूनला आपण दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार घालतो. भाषणं होतात. प्रत्येक भाषणात १९१७ साल येतं. त्या वर्षी महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या पोरांना एकाच शाळेत घ्यायचा हुकूम काढला. हे आपल्याला तोंडपाठ आहे.

आज मला त्याच्याही आधीचं बोलायचंय. पोरगं शाळेच्या दारात उभं राहतं, तोवर त्याच्या घरात काय घडलेलं असतं?

माझी आजी पन्हाळ्याकडच्या खेड्यातली. अक्षरओळख अजिबात नाही. मी चार वर्षांचा असेन. तिच्याबरोबर केएमटीची वाट बघत उभा असायचो. बस आली की ती विचारायची, "बाळा, पाटीवर काय लिवलंय बघ रं." मला तरी कुठं वाचता येत होतं! पण कंडक्टर "गंगावेश, गंगावेश" ओरडायचा आणि मी पाटीकडं बघायचो. असं करत 'गं' ओळखीचा झाला, मग 'रंकाळा'मधला 'रं'. आजीला वाचता येत नव्हतं, म्हणूनच मी वाचायला लागलो.

पहिलीत गेलो तेव्हा मला एक गोष्ट ठाऊक होती, पाटीवरच्या रेघा बोलतात. माझ्या बाकावर बसणाऱ्या पोराला ती ठाऊक नव्हती. पोरगं माझ्यापेक्षा हुशार, हिशोब तोंडी करायचं. पण फळ्यावरचा 'क' त्याला नुसतं चित्र वाटायचा. मी पुढं जात राहिलो, ते मागं पडत गेलं. चौथीनंतर शाळेत दिसलं नाही. शाळेचं दार दोघांनाही सारखंच उघडं होतं. फरक दाराच्या आधीच पडला होता.

हा फरक महाराष्ट्रात एका बाईंनी फार आधी ओळखला. ताराबाई मोडक. रोमच्या एका गरीब वस्तीत मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये बालगृह काढलं. त्या विचारावर गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर उभं केलं. ताराबाई तिथं गेल्या, शिकल्या, पुढं परत आल्या. पण बालशिक्षण शहरातल्या शिकलेल्या घरांपुरतं राहतंय, ही बोच त्यांना होती. म्हणून १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावात त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. जोडीला अनुताई वाघ. लहानपणीच विधवा झालेल्या आणि हिमतीनं शिकून शिक्षिका झालेल्या.

महागडी साधनं परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. वस्तीवरची पोरं बालवाडीत येईनात, तर या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा आज देशभर चालणारा शब्द तिथं रुजला. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. पोर जिथं आहे तिथं शिक्षण न्यायचं, एवढा साधा हिशोब.

यात पाठांतर आणि गृहपाठ नव्हता. गाणी, गोष्टी, हाताला काम, बोलायला मोकळीक. अक्षराच्या आधी शब्द हवा, हे त्यांना कळलं होतं. पोरानं 'विहीर' हा शब्द दहा गोष्टींत ऐकला असेल, तर वाचताना तो लगेच पकडतो. न ऐकलेला शब्द नुसता जुळवून वाचला, तर हाती अर्थ लागत नाही. मांडीवर बसून पुस्तक बघणाऱ्या पोराला ओळ डावीकडून उजवीकडं जाते, पान उलटलं की गोष्ट पुढं सरकते, हे न शिकवता कळतं. पहिलीच्या बाईंचं निम्मं काम तिथंच होतं.

आता आपल्याकडं बघा. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली. सुरुवात देशभरात ३३ प्रकल्पांनी झाली, आज एकट्या महाराष्ट्रात लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत. पण शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा ६ ते १४ वयालाच हक्क देतो. सहाच्या आतल्यांसाठी सरकारनं 'प्रयत्न करावा', एवढंच राज्यघटना म्हणते. २०२० च्या शिक्षण धोरणानं तिसऱ्या वर्षापासूनचा विचार केला, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. मग सेविकाताईंनी पोषण आहार वाटायचा, वजनं घ्यायची, सर्वेक्षणं करायची, मोबाईलवर माहिती भरायची, आणि उरलेल्या वेळात गोष्ट सांगायची. वेळ उरतो कुठं?

दुसऱ्या टोकाला पैसेवाल्यांची नर्सरी. तीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल, वहीत रकानेच्या रकाने ए-बी-सी-डी. हेही बालशिक्षण नव्हे भावा. बोटं तयार नाहीत आणि पोराला लिहिण्याचा कंटाळा मात्र पहिलीच्या आधीच तयार. आनंदानं शिकता येतं हे याच कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ पासून सृजन आनंद विद्यालयात, तेही मराठीतून, दाखवून दिलंय. लांब जायला नको.

म्हणून यंदा हार घालून झाला की एक करूया. आपल्या गल्लीतली, गावातली अंगणवाडी कुठं आहे ते शोधूया. ताईंना विचारून चार चित्रांची पुस्तकं नेऊया, आठवड्यातून अर्धा तास बसून वाचून दाखवूया. आणि नगरसेवक, सरपंच मतं मागायला आले की रस्त्या-गटारीबरोबर विचारूया, अंगणवाडीत गोष्टीची पुस्तकं किती?

घरात कुणाला वाचता येत नसेल तरी अडत नाही. पोराला पाटी दाखवा आणि विचारा, "काय लिवलंय रं?" माझ्या आजीनं एवढंच केलं होतं.

महाराजांनी शाळेचं दार उघडलं. त्या दारापर्यंत पोराला बोट धरून नेणं आपल्याकडं लागतं.