ढगांचा कागद, ढगांचा साबण

हातघडणीच्या साबणाच्या वडीवर दोन-तीन रंगांच्या लाटा, मोरपिसे, ढग उमटवण्याची कला युट्यूबवर जन्मली, असा पुष्कळांचा समज आहे. या नक्षीची रीत मात्र साबणाच्या आधी कागदावर रुळली. तिच्या इतिहासातले एक विलक्षण पान कोल्हापूरपासून सुमारे १८० किलोमीटरवरच्या विजापुरात लिहिले गेले. त्या काळी पन्हाळ्यासह कोल्हापूरचा मुलूख आदिलशाहीच्याच अमलाखाली होता, त्यामुळे ही गोष्ट परक्या देशाची नाही.

त्या कागदाचे नाव ‘अबरी’. फारसीत ‘अब्र’ म्हणजे ढग. संस्कृतातल्या ‘अभ्र’ शब्दाचे हे सख्खे भावंड. इराण, तुर्कस्तान आणि दख्खन या तिन्ही ठिकाणी हा कागद ग्रंथांच्या समासासाठी, सुलेखनाच्या चौकटींसाठी वापरला जाई. तुर्की भाषेत पुढे त्याचेच ‘एब्रू’ झाले.

कृती ऐकायला सोपी वाटते. पसरट तसराळ्यात डिंकाचे किंवा मेथीच्या दाण्यांचे बुळबुळीत पाणी भरायचे. त्यावर रंगाचे थेंब सोडायचे. रंगात जनावराचे पित्त मिसळलेले असले की थेंब बुडत नाही, पृष्ठभागावर चकतीसारखा पसरतो. मग काडीने किंवा फणीने ते रंग ओढायचे आणि तुरटीचा हात दिलेला कागद वरून अलगद टेकवून उचलायचा. तुरटीमुळे रंग कागदाला धरून राहतो. पाण्यावरची नक्षी एकदाच उचलता येते. दुसऱ्या कागदासाठी पुन्हा पहिल्यापासून आरंभ.

विजापूरच्या चित्रकारांनी येथे एक पाऊल पुढे टाकले. दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या (१५८०–१६२७) दरबारी संगीत, दखनी भाषा आणि चित्रकला यांना जो बहर आला, त्याच सुमाराची ही कामगिरी. अबरी इतरत्र प्रामुख्याने सजावटीचा कागद होती. येथे तिच्यातून आकृती घडल्या. कागदाचा काही भाग झाकून उरलेल्या भागावरच रंग उचलायचा, अशी युक्ती. त्यामुळे कुठे प्राण्याचा देह ढगाळ आणि भोवतालचा कागद कोरा, तर कुठे नेमके उलट. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात साधारण १६२५ चे असे एक चित्र आहे: बरगड्या निघालेला हडकुळा घोडा आणि त्यावरचा स्वार. या घोड्यात अभ्यासकांना सूफी परंपरेतला ‘नफ्स’, म्हणजे उपासाने लगाम घातलेली वासना दिसते. अर्थ कोणताही घ्यावा. वाहत्या रंगाला हाडामांसाचा आकार देणारे हात विजापूरचे होते, हे महत्त्वाचे. त्या हातांची नावे मात्र इतिहासाने जपली नाहीत. सुलतानाचे नाव राहते, तसराळ्यापाशी बसलेल्याचे जाते.

एकदा उमटलेली नक्षी पुन्हा तशीच उमटत नाही, हा या कलेचा स्वभाव. कारागिराला तो छळतो. खोट्या कागदपत्रांच्या भीतीने ग्रासलेल्यांना मात्र तोच हवासा वाटला. अमेरिकेतल्या बंडखोर वसाहतींनी १७७५ मध्ये चलन काढले, तेव्हा २० डॉलरच्या नोटेची एक कड अशा रंगीत कागदाची होती. तो पुरवला होता बेंजामिन फ्रँकलिनने. नक्कल करणाऱ्याला तीच लाट पुन्हा आणता येऊ नये, एवढाच हिशेब.

आणि हाच हिशेब साबणातही आला, तोही वेगळ्याच वाटेने. फ्रान्समधील मार्सेय हे शहर ऑलिव्ह तेलाच्या साबणासाठी प्रसिद्ध. तेथे ऑलिव्हखेरीज दुसरी चरबी वापरू नये, असा राजाचा हुकूम १६८८ मध्ये निघाला. या शहरात पांढऱ्या साबणाबरोबर निळसर शिरांचा साबणही बने. त्या शिरा कोणी काडीने ओढलेल्या नसत. उकळत्या साबणात हिराकस टाकला की लोहाचे काळपट-निळे संयुग तयार होई. साबण सावकाश निवताना पांढरा भाग आधी गोठे आणि रंगीत भाग फटींत ढकलला जाऊन संगमरवरासारख्या रेषा उमटत. पाणी प्रमाणाबाहेर घातले तर रंग तळाशी बसे, शिरा उमटतच नसत. म्हणजे शिरा दिसणे ही साबणात पाणी भरलेले नाही याची खूण होती. वजनावर साबण घेणाऱ्या गरीब गिऱ्हाइकाला तराजूवर दिसत नसे ते येथे डोळ्यांना दिसे. अर्थात व्यापाऱ्यांच्या बुद्धीला हेही फार काळ पुरले नाही. एकोणिसाव्या शतकात सोडियम सिलिकेटची भर आणि निळा रंग घालून तशाच शिरा आणण्याचे उपाय निघाले, आणि सचोटीची खूण केवळ शोभा होऊन बसली.

आजचा कारागीर या दोन्ही वाटांचा वारस आहे. फणी त्याने कागदवाल्यांकडून घेतली. साबणातल्या ‘पीकॉक’ नक्षीचे नाव आणि फणी ओढण्याची रीतही तिकडचीच. परंतु त्याचे माध्यम निराळे. तेलात कॉस्टिक सोड्याचे द्रावण घालून घोटल्यावर मिश्रण दाटू लागते. घोटणी उचलून धार सोडली की तिची रेघ क्षणभर वर तरंगते, ही ‘ट्रेस’. फार पातळ असताना रंग ओतले तर ते एकमेकांत मिसळून मातकट होतात, फार दाटल्यावर ओतले तर गोळे पडतात. लवंगेचे तेल घातले तर कधी कधी हातातल्या भांड्यातच साबण आवळतो. ही घटका ओळखणे म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळे सांगायला नको. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीतल्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून गोळी बांधते का पाहतो, आणि क्षण साधला की काहील उतरवायला सांगतो. क्षण हुकला तर गूळ बिघडला. रसाची मळी वर आणायला तेथे रानभेंडीचा बुळबुळीत रस वापरतात, हाही मेथीच्या पाण्याशी एक गमतीचा शेजार.

रंगांचीही परीक्षा होते, कारण ताजा साबण तीव्र अल्कधर्मी असतो. हळद त्यात पडताच लालसर होते. हळदीला चुन्यासारख्या क्षाराची जोड देऊन कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. साबणात मात्र तो लालपणा टिकत नाही. वडी पक्व होईतो पिवळ्या-नारिंगी छटेवर येते. कोळशाची पूड आणि गेरू तेवढे इमानी, ते फारसे बदलत नाहीत.

कागद आणि साबण यांत आणखी एक भेद आहे. कागदाची नक्षी एका पृष्ठावर संपते. साबणाची आत, खोलवर जाते. वाकवलेली तार साच्यात उभी फिरवून रंग आतून ओढतात, त्याला ‘हँगर स्वर्ल’ म्हणतात. आत काय घडले ते तेव्हा दिसत नाही. साधारण एक दिवसाने ठोकळा साच्यातून निघतो आणि सुरी चालते. आडवा छेद घेतला तर पिसे, उभा घेतला तर रेघा. शेजारशेजारच्या दोन वड्याही जुळत नाहीत. त्यानंतर चार ते सहा आठवडे त्या फळीवर वाळत राहतात.