खताच्या पाठीमागे जाणारा कायदा

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारपेठेच्या गावी सावकारांची घरेदुकाने लुटली गेली आणि पाहता पाहता हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पोचले. कुणब्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकाराने खते मुकाट्याने काढून दिली, तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. खते तेवढी चव्हाट्यावर जाळली. या दंग्यांमागे सावकाराचा हावरटपणा होता असे सांगून आपण मोकळे होतो. पण हावरटपणा काही त्याच वर्षी जन्माला आला नव्हता. त्या कागदाला एवढे बळ आले ते सरकारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणांमुळे, आणि 1879 चा दख्खन शेतकरी कायदा म्हणजे सरकारने स्वतःच्याच सुधारणांवर काढलेला उतारा होता.

1827 च्या एल्फिन्स्टनच्या कायदेसंहितेत व्याजाला मर्यादा होती. ती 1855 मध्ये गेली. 1859 मध्ये दिवाणी कामाची नवी संहिता आली आणि त्याच वर्षी मुदतीचा कायदाही. जुनी, विसरलेली येणी उकरून काढून कुळाला छळू नये, म्हणून साध्या खतावर दावा लावायला तीनच वर्षे दिली होती. हेतू चांगला होता. व्यवहारात मात्र तिसरे वर्ष सरत आले की सावकार कुळाला बोलावून व्याज मुद्दलात मिळवी आणि नव्या खतावर अंगठा घेई. दरमहा शेकडा दोन रुपयांनी घेतलेल्या शंभराचे तीन वर्षांनी 172 होत, दुसऱ्या खताअखेर 296 आणि तिसऱ्याच्या शेवटी सुमारे 509. सरळ व्याजाने नऊ वर्षांत 316 झाले असते. व्याज मुद्दलाहून वाढू नये, हा दामदुपटीचा जुना नियम पुस्तकात शाबूत राहिला. पण प्रत्येक खतात कालचे व्याज आजचे मुद्दल होऊन बसल्यावर तो लावायचा कशाला? कोर्टापुढे फक्त शेवटचे खत येई. कुळ हजर नसले तर एकतर्फी हुकूमनामा, मग जप्ती.

यावर कोणी म्हणेल, की पेशवाईत तरी कुणब्याला कोणते सुख होते? नव्हतेच. सावकार तगाद्याला माणूस बसवी, दाराशी धरणे धरी. पंचांचा निवाडा अमलात येईलच याची खात्री नसे. पण त्या दुबळेपणातच एक अटकाव होता. वसुली सावकाराला स्वतःच्या हिमतीवर करावी लागे आणि गाव अंगावर घेऊन ती फार ताणता येत नसे. नव्या व्यवस्थेत त्याच्या मागे सरकारचा बेलिफ उभा राहिला. न्याय नियमित झाला, यात शंका नाही. त्याचा फायदा मात्र ज्याला लिहिता येत होते त्याला झाला.

1879 च्या कायद्याने नेमके इथेच बोट ठेवले. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशाने खताच्या पाठीमागे जाऊन पहिल्या उसनवारीपासून हिशेब काढायचा, मुद्दल व व्याज वेगळे करायचे, व्याजावर व्याज धरायचे नाही. कर्जापायी शेतकऱ्याला कैद बंद झाली, मुदती वाढल्या, दाव्याआधी तडजोडीची पायरी आली. तिच्यामागे सार्वजनिक सभेच्या लवाद कोर्टांचा अनुभव होता. न्या. रानडे यांनी पुढे या कायद्याखालचे खास न्यायाधीश म्हणून कोर्टांचे काम तपासले.

कायद्याचा सर्वांत जोरदार आक्षेपक सावकारच होता: करार मोडायचे शिकवले तर पैसे कोण देईल? हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, कारण सारा रोख भरायचा होता आणि त्याच्या हप्त्याला हात कायद्याने लावलाच नाही. पैशाची नड तशीच राहिली, म्हणून कर्जाने रूप पालटले. गहाणखताऐवजी सावकार सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागला, परत देण्याचा वायदा तोंडीच. शेवटी कायद्यात दुरुस्ती करून, दस्तात खरेदी लिहिली असली तरी व्यवहार गहाणाचा होता हे तोंडी पुराव्याने दाखवायची मुभा शेतकऱ्याला द्यावी लागली.