नोक्सिउस : घातक की गुन्हेगार?

मराठीत ‘घातक’ आणि ‘गुन्हेगार’ असे दोन वेगळे शब्द आहेत, ही केवढी सोय आहे पाहा. विंचू घातक असतो, पण त्याच्यावर कोणी खटला भरत नाही. लॅटिनमध्ये मात्र ‘नोक्सिउस’ हे एकच विशेषण दोन्ही कामे करी. अपाय करणारी वस्तू नोक्सिउस, आणि अपराधी माणूसही नोक्सिउसच.

या शब्दाचे कूळ आपल्याला परके नाही. ‘नोकेरे’ म्हणजे इजा करणे हे त्याचे क्रियापद आणि ‘नेक्स’ म्हणजे हत्या हा त्याचा भाऊबंद. भाषाशास्त्रज्ञ या सगळ्यांना संस्कृतच्या ‘नश्’ धातूशी जोडतात. नश्, चौथा गण, नश्यति. आमच्या पिढीने हे घोकलेले आहे. त्याचे प्रयोजक ‘नाशयति’ म्हणजेच लॅटिनचे ‘नोकेरे’. तेव्हा आपले नाश, नष्ट, विनाश ही नोक्सिउसची चुलत भावंडे झाली! इंग्रजीतला ‘इनोसंट’ही याच घरातला. त्याचा मूळ अर्थ एवढाच, की इजा न करणारा.

असो. मला जास्त विचार करायला लावले ते रोमन कायद्याने. मुलाने किंवा गुलामाने कोणाची चोरी केली, कोणाला इजा केली, तर दावा बापावर किंवा मालकावर लागे. त्याच्यापुढे दोन वाटा असत : भरपाई द्यायची, नाहीतर अपराध करणाऱ्यालाच फिर्यादीच्या हवाली करायचे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायुस याचे समर्थन असे करतो, की पोराच्या किंवा गुलामाच्या दुष्टपणापायी बापाचे वा मालकाचे नुकसान त्या देहाच्या किमतीपेक्षा जास्त होऊ नये. म्हणजे विचार कोणाचा केला? पैसे भरणाऱ्याचा. ज्याला दोरी बांधून द्यायचे, त्याला कोण विचारतो!

गुलाम विकला गेला तर दावाही त्याच्याबरोबर नव्या मालकाकडे जाई. सम्राट जस्टिनियनच्या इ. स. ५३३ च्या कायद्याच्या पाठ्यपुस्तकात तर स्वच्छ व्याख्याच दिली आहे : ‘नोक्सिया’ म्हणजे दुष्कृत्य आणि ‘नोक्सा’ म्हणजे ते करणारा देह, अर्थात गुलाम. अपाय हे कृत्याचे नाव होते, ते माणसाचे होऊन बसले.

आखाड्यात हेच दिसते. मृत्युदंड झालेल्यांना ‘नोक्सी’ म्हणत, नोक्सिउसचे अनेकवचन. सकाळी श्वापदांच्या झुंजी आणि शिकारी, दुपारी यांचा वध, त्यानंतर खरे ग्लॅडिएटर, असा साधारण क्रम असे. सेनेका एका पत्रात सांगतो, की तो सहज दुपारच्या खेळाला गेला आणि विनाचिलखत माणसे एकमेकांना मारताना पाहून विटून परतला. मेलेला दरोडेखोर होता ना, असे कोणी म्हणेल, हे त्याला ठाऊक आहे. त्याला त्याचे फळ मिळाले. पण बघणाऱ्याने असे काय केले, की हे बघणे त्याच्या नशिबी यावे, असे सेनेकाचे विचारणे आहे.

कवी मार्शलने तर ‘खेळां’वर एक पुस्तकच लिहिले. इ. स. ८० मध्ये कलोसियमचे उद्घाटन झाले, त्याच्याशी ते सहसा जोडले जाते. त्यात एका माणसाला लाउरेओलुस नावाच्या नाटकातल्या दरोडेखोराची भूमिका देऊन खरोखरच क्रुसावर टांगले आणि अस्वलाकडून फाडले. मार्शल म्हणतो, शिक्षा योग्यच होती. अपराध कोणता? त्याने बापाला मारले असेल, किंवा मालकाला, किंवा देऊळ लुटले असेल, किंवा रोमला आग लावली असेल... कवीने चार पर्याय दिले आहेत. नेमका कोणता, हे सांगण्याची त्याला गरजच वाटली नाही.

मुलांना हवाली करण्याची चाल जस्टिनियनच्या त्याच पुस्तकात कठोर म्हणून मोडीत काढलेली आहे. आपल्या मुलाला, आणि विशेषतः मुलीला, असे दुसऱ्याच्या हाती देणे कोणत्या बापाला सोसेल, असा प्रश्न तिथे विचारला आहे. गुलामांच्या बाबतीत मात्र जुना नियम तसाच ठेवला.