एकादशीच्या आमटीची वंशावळ

थायलंडात साट्याबरोबर दाण्याचा सॉस देतात: दाणे, मिरची, चिंच, ताडगूळ, नारळाचं दूध. नारळ वगळला, चिंचेऐवजी आमसूल घातलं, तुपाजिऱ्याची फोडणी दिली की झाली आमची बुलडाण्याची, भगरीवर ओतायची आमटी! दोन्हींतले दाणे आणि मिरची मूळचे अमेरिका खंडातले; आशियात आले ते १४९२ नंतर, युरोपीय जहाजांतून. म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा एकादशी होती, ही आमटी नव्हती. मला चक्रावतं ते वेगळंच. पिढ्यान्‌पिढ्या इथं पिकणारी ज्वारी उपवासाला चालत नाही, समुद्रापलीकडचा भुईमूग चालतो. माझा तर्क असा: निषेध जुन्या, ओळखीच्या धान्यांचा होता, नवख्या दाण्याचं नावच त्यात नव्हतं. शेगावला आलेला वारकरी तो निःशंक खातो. भाकरीसाठी मात्र त्याला बारशीची वाट पाहावी लागते.