राशोलची सेमिनरी आणि एक मराठी पुराण

आपल्या धाटावजवळचं रोहा, कोकण रेल्वे तिथूनच सुरू होते. त्याच रुळांवरून मडगावला उतरलात की पुढे थोड्या अंतरावर, जुवारी नदीकाठच्या टेकडीवर एक मोठी पांढरी इमारत आहे. राशोलची सेमिनरी. कोकणीत गावाला रायतूर म्हणतात.

सेमिनरी म्हणजे कॅथलिक पाद्री घडवणारी शाळा. तत्त्वज्ञान, मग बायबल आणि धर्मशास्त्र, अशी वर्षानुवर्षं तयारी. इथे सुरुवात जेजुइट पाद्रींनी केली. 1574 मध्ये मडगावात काढलेलं त्यांचं कॉलेज पुढे राशोलला आलं, 1610 मध्ये इमारत उभी राहिली. पण परदेशातून आलेल्या पाद्रीला लॅटिन येऊन काय उपयोग? समोरच्या माणसाला कळायला हवं ना! म्हणून त्यांना इथली भाषा शिकावीच लागली.

त्यातला एक फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज 1579 मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत, म्हणजे 1619 पर्यंत इथेच राहिला. त्यानं ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली, थोड्याथोडक्या नाही, सुमारे अकरा हजार! ते 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये राशोललाच छापलं गेलं, रोमन लिपीत. त्यात स्वर्गाला चक्क 'वैकुंठ' म्हटलंय.

हे नुसतं भाषेवरचं प्रेम नव्हतं बरं का. साष्टीतली देवळं आधीच पाडली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी होती. ग्रंथातच एक नवख्रिस्ती माणूस पाद्रीला म्हणतो, जुनी पुराणं वाचू देत नाही, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं काही का देत नाही? मला हा प्रश्न पुराणाइतकाच महत्त्वाचा वाटतो. आधी काढून घेतलं, मग त्याच चालीवर नवं दिलं.

आणि पुढे ती भाषाही नकोशी झाली. 1684 मध्ये व्हाइसरॉयनं हुकूम काढला, तीन वर्षांत सगळ्यांनी पोर्तुगीज बोलायचं! 1759 मध्ये पोर्तुगालच्या राजानं जेजुइटांनाच हाकललं. सेमिनरी मात्र गोव्याच्या धर्मप्रांताकडे गेली. तिथे आजही पाद्री तयार होतात.

क्रिस्तपुराण सतराव्या शतकात तीनदा छापलं, पण त्यातली एकही प्रत आज सापडत नाही. ते टिकलं हातानं उतरवलेल्या वह्यांमुळे. 1907 मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं, तेही रोमन लिपीतच. लंडनच्या सोआसमध्ये मात्र एक जुनं हस्तलिखित आहे, आणि ते आहे देवनागरीत.