‘फार्स’ म्हणजे नेमके काय?

जालना : ‘चौकशीचा निव्वळ फार्स’, ‘पंचनाम्याचा फार्स’ असे शब्द बातम्यांत आणि तहसील कार्यालयात दिल्या जाणाऱ्या निवेदनांत वारंवार येतात. हा इंग्रजी शब्द मराठीत इतका रुळला आहे की, तो मूळचा रंगभूमीवरचा आहे याचा विसर पडावा.

‘फार्स’चे मूळ लॅटिनमधील ‘ठासून भरणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. करंजीत सारण भरावे, तसे मध्ययुगीन फ्रान्समध्ये धार्मिक नाटकांच्या मध्ये विनोदी प्रवेश भरले जात. त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात पौराणिक नाटकानंतर फार्स करण्याची प्रथा पडली. अर्थात प्रकार नवा नव्हता. भरताच्या नाट्यशास्त्रात दहा रूपकांमध्ये ‘प्रहसन’ आहेच. ब्रँडन थॉमस यांच्या 1892 मधील ‘चार्लीज आंट’वरून आचार्य अत्रे यांनी ‘मोरूची मावशी’ लिहिले, तर बबन प्रभू यांच्या ‘झोपी गेलेला जागा झाला’ने अस्सल मराठी फार्स रुजवला.

फार्समध्ये स्वभावचित्रणापेक्षा प्रसंगाला महत्त्व असते. वेषांतर, चुकीची ओळख, एक खोटे लपविण्यासाठी बोललेले दुसरे खोटे, आणि या सर्वांना विलक्षण वेग. प्रसंग अशक्य असला तरी पात्रे तो अत्यंत गांभीर्याने जगतात; हसू येते ते त्यामुळेच. प्रत्येक विनोदी नाटकाला फार्स म्हणणे म्हणूनच चूक आहे.

बातमीतला अर्थ या गांभीर्यातूनच निघाला. सोपस्कार सगळे होतात, सह्या होतात, परंतु निकाल आधीच ठरलेला असतो. 2012-13 च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या. तशा वाळलेल्या बागेसमोरून पाहणी पथकाची गाडी न थांबता निघून गेली, तर त्या पाहणीस फार्स म्हणणे रास्तच. मात्र चौकशी समितीची पहिली बैठकही झालेली नसताना हा शब्द छापणे म्हणजे बातमीदाराने निकाल देणे होय. मथळ्यात तो छोटा असल्याने सहज बसतो, हेही (खरे सांगायचे तर) त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण आहे. आरोप निवेदनकर्त्यांचा असेल, तर ‘फार्स असल्याचा आरोप’ असेच लिहावे. एक शब्द वाढला तरी चालेल.

मराठीत पुल्लिंगी असलेल्या या शब्दाला ‘देखावा’, ‘सोंग’, ‘थोतांड’ हे पर्याय आहेत. पैकी ‘थोतांड’मध्ये खोटेपणा ठाम असतो, ‘देखाव्या’त हसू नसते. ‘सोंग’ त्यातल्या त्यात जवळचे.