दाद कुणाकडे मागायची?

भगिनींनो, नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले तर दाद कुणाकडे मागायची, ही म्हण आपल्या आज्यांनी ऐकली, आयांनी ऐकली आणि आपणही ऐकली. ती म्हणणारीला उत्तराची अपेक्षा नसे. या प्रश्नाला कायद्याने केव्हापासून आणि कसे उत्तर दिले, ते येथे साध्या शब्दांत मांडते.

पूर्वी कोर्ट घरात शिरे ते बहुधा नवऱ्याच्या बाजूने. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. त्या सासरी गेल्या नाहीत, माहेरीच राहून शिकल्या. १८८४ साली नवरा दादाजी भिकाजी यांनी बायकोने नांदायला यावे असा दावा लावला. पहिल्या न्यायाधीशांनी १८८५ साली तो फेटाळला. पुढे अपील झाले, आणि १८८७ साली निकाल उलटा लागला : नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग पत्करीन. पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे त्यावर किती भांडली! टिळकांसारखे मोठे पुढारीही त्यांच्या विरुद्ध होते. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी बायकांची सेवा केली. त्यांच्या खटल्यात मारहाणीचा प्रश्न नव्हता. परंतु नवऱ्याचे घर कसेही असो, बाईची जागा तेथेच, असे तेव्हाचा कायदा धरून चालत असे, ते त्यातून कळते.

१९४६ च्या कायद्याने छळ होणाऱ्या हिंदू बाईला वेगळे राहून पोटगी मागता येऊ लागली. मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदूंना घटस्फोटही दिला, देशाचा हिंदू विवाह कायदा १९५५ साली आला. १९६१ साली हुंडाबंदी झाली. तरी हुंडा थांबला नाही. पुढे स्टोव्हचा भडका होऊन सुना जळाल्याच्या बातम्या इतक्या येऊ लागल्या की बायका मोर्चे घेऊन रस्त्यावर आल्या. तेव्हा १९८३ साली दंडविधानात कलम ४९८-अ घातले गेले. नवऱ्याने वा सासरच्यांनी क्रूरतेने वागवले तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मनाचा छळही त्यात धरला. १९८६ साली हुंडाबळीचा वेगळा गुन्हा झाला, त्याला निदान सात वर्षे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने हीच कलमे आता ८५, ८६ आणि ८० या आकड्यांनी ओळखायची.

पण यात एक मोठी अडचण राहिली, आणि ती बाईलाच कळेल. नवऱ्यावर फिर्याद दिली की त्या रात्री झोपायचे कुठे? पोलीस त्याला नेतील, पण सासू दार उघडील काय? माहेरी भावजय किती दिवस ठेवील? मुलांची शाळा, दुधाचा रतीब, रेशनकार्ड, सारे त्याच घराशी बांधलेले. शिक्षेची सोय झाली होती, छपराची नव्हती. म्हणून कितीजणी पोलीस चौकीच्या पायरीवरून परत फिरल्या असतील!

ती उणीव २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने भरून काढली. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. घर तिच्या नावावर असो वा नसो, तिला तेथे राहण्याचा हक्क आहे. मॅजिस्ट्रेट नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगू शकतात, खर्चाला पैसे आणि मुलांचा तात्पुरता ताबा देऊ शकतात. मारच नव्हे, घालूनपाडून बोलणे आणि पैसे अडवणे हीदेखील यात हिंसा मानली आहे. संरक्षणाचा हुकूम मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

छपराचा प्रश्न तरीही लगेच मिटला नाही. २००६ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घर सासूच्या मालकीचे असेल तर सुनेला तेथे हा हक्क नाही. आपल्याकडे किती घरे मुलाच्या नावावर असतात? सासऱ्याचे नाहीतर सासूचेच नाव असते! चौदा वर्षांनी, ऑक्टोबर २०२० मध्ये, त्याच न्यायालयाने तो निकाल चुकीचा ठरवला. तथापि म्हाताऱ्या सासूसासऱ्यांचा विचारही कोर्टाने करावा असे म्हटले, आणि ते मला योग्य वाटते. उद्या आपणही सासवा होणार.

खोट्या फिर्यादी होतात अशी ओरड असते. काही होतही असतील. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ४९८-अ खाली सरसकट अटक करू नये असे पोलिसांना बजावले. परंतु छत मागणाऱ्या अर्जात कुणाला अटक होत नाही, हे पुष्कळ जणींना ठाऊकच नसते. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे कायद्यात लिहिले आहे. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, म्हणून पहिल्याच तारखेला तात्पुरता हुकूम मागावा.

अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे करता येतो. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, मग तिचे उत्पन्न कितीही असो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. रात्रीबेरात्री १८१ हा फोन आहे.